पंचसूना, कडप्पा आणि आमचं स्वयंपाकघर



महापुरानंतर आम्ही स्वयंपाकघर आणि न्हाणीघर ३२,५०० रुपयांत उभं केलं. ते कसं केलं, हे मंदिरातल्या बायका मला अजूनही विचारतात. प्रत्येक वेळी मी चुन्याचं प्रमाण आणि कडप्प्याचा भाव सांगून मोकळी होते. पण खरं उत्तर तेवढंच नाही. काय ठेवायचं आणि काय काढून टाकायचं, हे मला कुठल्या मिस्त्रीने सांगितलं नाही. आमच्या घराच्या जुन्या थरांनी सांगितलं. म्हणून आज आधी थोडा इतिहास, मग हिशेब.

लग्न होऊन १९८१ साली मी सांगलीला गावभागातल्या या घरात आले. पहिल्याच दशलक्षण पर्वात प्रवचनात शब्द ऐकला, 'पंचसूना'. मला वाटलं, पाच सुनांची काहीतरी गोष्ट असणार. घरी येऊन सासूबाईंना विचारलं, तर त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणतो. म्हणाल्या, "सुना नव्हे गं, सूना. सूना म्हणजे जीव मरतात ती जागा." उखळ, जातं, चूल, पाण्याचा घडा आणि केरसुणी या त्या पाच जागा. श्रावकाने कितीही जपलं, तरी घर चालवताना या ठिकाणी हिंसा होतेच, म्हणून तिथे सर्वांत जास्त जपायचं.

आता बघा, या पाचही वस्तू बाईच्याच हातातल्या, आणि बहुतेक स्वयंपाकघर-न्हाणीघरातल्याच. पाणी गाळणं तर आपल्याकडे मूलगुणांत धरलेलं आहे. १३ व्या शतकातल्या पंडित आशाधरांच्या 'सागारधर्मामृता'त आठ मूलगुणांची जी एक यादी येते, तिच्यात जलगालन आहे. म्हणजे घरातल्या या दोन खोल्या कशा असाव्यात, हा आपल्याकडे शोभेच्या आधी जीवदयेचा प्रश्न होता.

मातीचं स्वयंपाकघर

आक्का १९५० साली या घरात सून म्हणून आल्या तेव्हा इथे जुनं मातीच्या भिंतींचं घर होतं. जमीन शेणाने सारवलेली, चूल जमिनीवर, शेजारी वैल. कोपऱ्यात दगडी मोरी. न्हाणीत एक मोठा सपाट दगड आणि तांब्याचा बंब. मोरीचं आणि न्हाणीचं पाणी पन्हळीतून परसातल्या केळींना जायचं.

या स्वयंपाकघराला पैसे जवळजवळ लागत नसत, पण हात फार लागत. चूल पेटवण्याआधी मऊ केरसुणीने रोज झाडायची. सरपण आपटून, झटकून मगच चुलीत घालायचं, कारण सालीखाली किडा-मुंगी असते. दर काही दिवसांनी पोतेरं, दिवाळीआधी भिंतींना चुना. पाणी विहिरीचं. ते दुहेरी कापडातून गाळायचं आणि कापडावर राहिलेली जिवाणी कडीच्या बादलीतून अलगद त्याच विहिरीत सोडायची. गाळलेल्या पाण्याची मर्यादा ४८ मिनिटं, म्हणजे दोन घटका. त्यानंतर परत गाळायचं. आक्का म्हणतात, "आमचं घड्याळ म्हणजे पाण्याचा हंडाच होता."

धूर होता, पाठ मोडायची, डोळे चुरचुरायचे. त्या स्वयंपाकघराचे मी गोडवे गाणार नाही. पण एक गोष्ट तिथे आपोआप साधायची. रात्रिभोजनाचा त्याग असल्याने सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकत आणि भांडी घासून होत. रात्री मोरी कोरडी, चूल थंड, अन्नाचा कण कुठे नाही. झुरळाला त्या घरात यायला कारणच नव्हतं.

रेल्वेने आलेला दगड

१८७१ साली मुंबईहून निघालेला लोहमार्ग सोलापूर, शहाबादमार्गे रायचूरला मद्रासच्या मार्गाला मिळाला. १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली. ही माहिती आपण शाळेत पाठ केली, पण तिचा आपल्या फरशीशी संबंध आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. शहाबादची फरशी गुलबर्ग्याकडची, कडप्पा आंध्रातला. इतका जड दगड बैलगाडीने लांब नेणं सामान्य माणसाला परवडण्यासारखं नव्हतं. रेल्वे आली आणि तो हळूहळू साध्या घरांपर्यंत पोचला.

मग सिमेंट. पोरबंदरला १९१४ मध्ये सिमेंटचा कारखाना सुरू झाला आणि १९३६ मध्ये बरेच कारखाने एकत्र येऊन एसीसी झाली. दगड आणि सिमेंट हाताशी आल्यावर चूल जमिनीवरून उठली आणि ओटा आला. उभ्याने स्वयंपाक! आक्का सांगतात, सुरुवातीला म्हाताऱ्या बायकांना ते पटलं नाही. चप्पल घालून ओट्याशी उभं राहतील, सोवळं राहणार नाही, अशी त्यांची धास्ती.

आपल्या भागात याच काळात आणखी एक गोष्ट घडत होती. भोजचे आचार्य शांतिसागर महाराज यांनी १९२० मध्ये मुनिदीक्षा घेतली. १९५५ साली कुंथलगिरीला त्यांची समाधी झाली, तोवर दिगंबर मुनींचा विहार पुन्हा सगळीकडे सुरू झाला होता. मुनिमहाराज गावात आले की चौका लावायचा. चौक्यासाठी जागा झाडून-पुसून कोरडी हवी, उजेड हवा, कोपरा न कोपरा डोळ्यांना दिसायला हवा. शहाबादी फरशीवर मुंगी चालताना दिसते, हे तिचं मोठेपण शहरातल्या माणसाला कळायचं नाही, पण तुम्हाला कळेल.

आमचं सध्याचं घर सासऱ्यांनी १९५९ मध्ये बांधलं. खाली शहाबादी, ओटा कडप्प्याचा, आणि भिंतीत खाचा करून बसवलेल्या कडप्प्याच्या उघड्या फळ्या. त्या मांडणीवर पितळेचे डबे ओळीने. न्हाणीतही शहाबादी. ओट्याच्या उंचीसाठी आक्कांना गवंड्यासमोर उभं केलं होतं, असं त्या सांगतात. बाईची उंची विचारून ओटा बांधला गेला, हे मला आजही नवल वाटतं.

टाइल्स, गॅस आणि नळ

१९२२ पासून भारत टाइल्सच्या सिमेंटच्या नक्षीदार लाद्या बनत होत्या, पण आमच्यासारख्या घरात टाइल म्हणजे ओट्यामागच्या पांढऱ्या चकचकीत चौकोनांच्या दोन-तीन ओळी. त्या १९७० नंतर आल्या. गॅस मुंबईत १९५० च्या दशकाच्या मध्यातच 'बर्शेन' नावाने सुरू झाला होता. आमच्याकडे मधली बरीच वर्षं रॉकेलचा स्टोव्ह होता, नंतर नूतनचा वातींचा स्टोव्ह, आणि मी लग्न होऊन आले त्याच्या आदल्या वर्षी गॅस. पितळ मोडीत देऊन स्टील घेतलं. कल्हईवाला दारात यायचा बंद झाला.

हे सगळे बदल थोडेथोडके आणि घरच्या पैशात झाले. भिशीचे आले की टाइल्स, भाताचे आले की गॅसची शेगडी. कुणी 'मेकओव्हर' हा शब्द उच्चारला नव्हता.

नळाने मात्र एक जुनी साखळी तुटली. नळाला कापड बांधून पाणी गाळता येतं, पण जिवाणी सोडायची कुठे? नळात तर परत सोडता येत नाही. बऱ्याच घरांत ती मोरीत जाऊ लागली आणि त्याचं कुणाला काही वाटेनासं झालं. आक्का एका तांब्यात ती जमवून मंदिराच्या विहिरीवर पाठवायच्या. तो तांब्या नेण्याचं काम माझं. खरं सांगते, मला त्याचा कंटाळा यायचा.

ट्रॉल्या

२०११ साली मुलाला नोकरी लागली आणि घरात पैसा दिसू लागला. मी हट्टाने मॉड्युलर किचन करून घेतलं. ओट्याखाली ट्रॉल्या, वर बंद कपाटं, चकचकीत मरून रंग. कडप्प्याच्या फळ्या फोडायला निघालो होतो. आक्का एकच वाक्य बोलल्या, "त्या भिंतीत आहेत, राहू देत की." म्हणून त्यांच्यावरून नुसती प्लायची दारं लावली. न्हाणीत गीझर, शॉवर, पीव्हीसीचं खोटं छत. खर्च १,८५,००० रुपये. बी.कॉम. असल्याने सगळी बिलं फाइलला लावून ठेवली आहेत.

वर्षभरात झुरळं सुरू झाली. ट्रॉलीच्या मागे अंधार, ओल आणि ऊब. तिथे हात पोचत नाही, झाडू पोचत नाही. तोवर आमच्या घरात रात्रीची जेवणंही नऊ-साडेनऊवर गेली होती. एकट्या आक्का अंथऊ पाळायच्या.

जे आता लिहिते आहे ते लिहायला मला जड जातं आहे. मी फवारणीवाल्याला बोलावू लागले. दर तीन महिन्यांनी, आक्का मंदिरात असताना. खिडक्या उघडून वास घालवायचा, मेलेली झुरळं केरात भरायची आणि त्या यायच्या आत फरशी पुसून ठेवायची. आठ वर्षं. पैशांच्या नोंदी वहीत 'इतर खर्च' या सदरात आहेत. जिवांची नोंद कुठेच नाही. चतुर्दशीला उपवास करायची, क्षमावणीला सगळ्यांना खमावायची, आणि हे कुणाला सांगायची नाही.

पूर

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभागात राहणाऱ्यांना पूर नवा नाही, २००५ चा आम्ही पाहिला होता, पण या वेळचा वेगळाच. आक्कांना, त्या तेव्हा ८६ वर्षांच्या, बोटीतून बाहेर काढलं. सोबत त्यांनी औषधाची पिशवी आणि गाळायचं कापड घेतलं. नणंदेकडे पोचेपर्यंत त्यांनी पाण्याचा थेंब घेतला नाही. बाटलीबंद पाणी पुढे केलं तर म्हणाल्या, "पोचल्यावर गाळून घेते."

आठवड्याने पाणी उतरलं. आम्ही दोघं घर उघडायला गेलो. आत छातीइतक्या उंचीपर्यंत चिखलाची रेघ. पार्टिकल बोर्डाच्या ट्रॉल्या भिजलेल्या पावासारख्या फुगल्या होत्या. दारांचे पापुद्रे सुटले होते. छत लोंबत होतं. आणि ट्रॉल्या ओढून काढल्यावर मागून चिखलासोबत जे काही निघालं, त्यात आठ वर्षांचा तो न लिहिलेला हिशेब होता.

प्लायची दारं उचकटल्यावर मागे कडप्प्याच्या फळ्या जशाच्या तशा. बादलीभर पाणी मारलं आणि काळाभोर दगड वर आला. चिखल खरवडल्यावर शहाबादीही तशीच, १९५९ ची.

दशलक्षण पर्व त्या वर्षी ३ सप्टेंबरला सुरू झालं. ते आम्ही नणंदेच्या घरी केलं. क्षमावणीच्या दिवशी मी आक्कांना सगळं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मला वास यायचा गं." आणि थोड्या वेळाने, "आता घर करशील तर कोपरे उघडे ठेव." बाकी काही बोलल्या नाहीत. आठ वर्षं त्यांना ठाऊक होतं आणि त्यांनी मला एका शब्दाने दुखवलं नव्हतं.

आम्ही काय केलं

कंत्राटदाराने सगळं फोडून नवं करायचे २,८०,००० सांगितले. आम्ही ठरवलं, पुरात टिकलं ते ठेवायचं आणि ज्याच्या मागे हात पोचत नाही असं काही बसवायचं नाही. काम दिवाळीनंतर काढलं, कारण भिंती आतून सुकायला वेळ द्यावा लागतो. ओल्या भिंतीला ऑइल पेंट लावला की फोड येतात आणि तो सोलून निघतो. चुना भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो.

चुना आम्ही स्वतः लावला. दुकानात विझवलेला चुना मिळतो, तोच घ्या. चुनकळी घरी विझवू नका, पाणी अक्षरशः उकळतं. एक दिवस भिजवून कापडातून गाळायचा, ताकाइतका पातळ करायचा, थोडी नीळ घालायची आणि तीन हात द्यायचे. हातमोजे आणि चष्मा लावाच. चिकटपणासाठी बरेच रंगारी सरस घालतात, पण सरस जनावराच्या कातड्या-हाडांपासून करतात. आम्ही बाभळीचा डिंक भिजवून घातला. ब्रशही विचारून घ्या. पुष्कळ ब्रश डुकराच्या केसांचे असतात. आम्ही नायलॉनचे घेतले. भिंतींवर आधी मऊ झाडू फिरवून कोळी-किडे बाहेर जाऊ दिले.

ओट्याखाली ट्रॉल्यांच्या जागी कडप्प्याच्या दोन फळ्या उभ्या-आडव्या बसवल्या, जमिनीपासून एक वीत वर. खालून झाडू फिरतो. दारं नाहीत. डब्यांसाठी स्टीलचा उघडा रॅक. वरची बंद कपाटं गेली ती गेलीच. धूळ बसते, मान्य आहे. आठवड्यातून एकदा पुसावं लागतं. पण डबा उचलला की खाली काय आहे ते दिसतं.

एक चूक तुम्ही करू नका. पहिल्या दिवशी डाग काढायला मी फरशीवर अ‍ॅसिड टाकलं. शहाबादी आणि कडप्पा दोन्ही चुनखडीचे दगड. फसफसून पृष्ठभाग खरबरीत झाला, तो चट्टा अजून आहे. लिंबू, व्हिनेगरही नको. साबणचुऱ्याचं पाणी आणि काथ्या पुरे.

न्हाणीत टाइल्स बदलल्या नाहीत. सांध्यांतलं काळं पडलेलं जुनं सिमेंट आम्ही दोघांनी चार दुपारी बसून करवतीच्या पात्याच्या तुकड्याने खरवडलं आणि नवं भरलं. पाणी एका कोपऱ्यात साचायचं, तिथला उतार गवंड्याकडून नीट करून घेतला, मीटरला साधारण एक सेंटीमीटर. उतार तपासायला नातवाची गोटी वापरली. सोडली की जाळीकडे गेली पाहिजे. जाळी झाकणाची घेतली. रात्री झाकण लावलं की गटारातून झुरळ वर येत नाही. मारायचा प्रश्नच येत नाही. शॉवर परत बसवला नाही. आक्कांचं स्नान एका बादलीत होतं, आता आमचंही होतं. त्या पैशात भिंतीला स्टीलचे दोन दांडे लावले, आक्कांना धरून उठायला.

गवंडी आणि मदतनीस सहा दिवसांचे ६,९००, कडप्पा ४,८००, वीज ५,५००. विजेचे सगळे पॉइंट पुराच्या रेघेच्या वर घेतले. वीज आणि दगड बसवणं ही दोन कामं जाणत्याकडूनच करून घ्या, तिथे बचत करू नका. स्टीलचा रॅक, नळ, जाळी, दांडे, चुना, सिमेंट असं बाकीचं धरून एकूण ३२,५००.

तेव्हापासून फवारणीवाला आमच्या घरी आलेला नाही. अधूनमधून एखादं झुरळ दिसतं, मी ते सुपलीवर घेऊन परसात सोडते. त्याचं मुख्य कारण चुना किंवा कडप्पा नाही. आम्ही दोघं आता दिवेलागणीच्या आत जेवतो आणि रात्री मोरी कोरडी करून झोपतो. आक्कांच्या सासूबाई हेच करायच्या, आणि त्याला एक पैसा लागत नव्हता.

घरी परतल्यावर पहिल्या सकाळी आक्का खुर्ची घेऊन ओट्याशी बसल्या. खालच्या फळीवरचा हंडा स्वतः ओढला, कापड दुहेरी केलं आणि पाणी गाळलं. काही कौतुक वगैरे केलं नाही. "हात पोचतोय," एवढंच म्हणाल्या. जिवाणीचा तांब्या त्यांनी माझ्या हातात दिला आणि मी तो विहिरीवर घेऊन गेले.

तुमच्यापैकी कुणी घर नवं करायला काढलं असेल, तर फोडायला सुरुवात करण्याआधी एकदा दारं काढून मागे काय आहे ते बघा. आणि घरात कुणी वडीलधारी असेल तर तिला विचारा, ओटा किती उंच हवा.

जय जिनेंद्र.